सरसकट सल्ल्याचे अजीर्ण

मलावरोधाची तक्रार घेऊन आलेल्या मनुष्याला 'भरपूर फळे आणि पालेभाज्या खात जा' एवढे सांगून वाटेला लावणे ही आपल्याकडे वैद्यकाची, गृहिणीची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची अशी तिहेरी वहिवाट होऊन बसली आहे. आणि वहिवाट म्हटली की ती कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर पाडली याची चौकशी करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. ज्याच्या ताटात मुळातच भाजीपाल्याचा दुष्काळ आहे अशा निरोगी माणसाला हा सल्ला लाभतोही. प्रौढ व्यक्तीने दिवसाला निदान 400 ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि चहा-बिस्किटे, वडापाव व रात्री दहाचे जेवण यांवर दिवस ढकलणाऱ्या शहरी नोकरदाराच्या पोटात तिचा अर्धा हिस्सा तरी जातो की नाही याची शंकाच आहे. परंतु मलावरोधाबरोबरच पोटदुखी आणि फुगारा ज्यांच्या मागे वर्षानुवर्षे लागलेला असतो, ज्यांच्या विकाराला डॉक्टर 'आयबीएस' या आद्याक्षरांनी ओळखतात, त्या रुग्णांना हेच फर्मान जसेच्या तसे लागू केले म्हणजे त्यांची अवस्था पुष्कळदा पहिल्यापेक्षा वाईट होते, आणि ती तशी झाली की 'तुम्ही पथ्य नीट पाळले नाही' असा ठपकाही त्यांच्याच माथी येतो. फळे-भाज्या या रुग्णांनी खाव्यातच. पण त्यांना त्या नाव घेऊन, माप सांगून आणि शिजवण्याची रीत सांगून द्यायला हव्यात, मोघमपणे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा विकार दुर्बिणीतून दिसत नाही, रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, आणि म्हणूनच घरच्यांना तो बहुधा मनाचा खेळ वाटतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या 'रोम' निकषांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखत असेल, आणि त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वारंवारतेतील बदलाशी आणि मलाच्या स्वरूपातील बदलाशी, यांपैकी निदान दोहोंशी संबंध दिसत असेल, तर त्यास हे नाव द्यावे असे ठरले आहे. केवळ शौचास साफ न होणे आणि हा विकार यांत भेद आहे तो वेदनेचा. ती वेदना खरी असते याचा एक जुना पुरावा 1973 सालच्या एका ब्रिटिश प्रयोगात मिळतो. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात एक लहानसा फुगा सोडून त्यात 60 मिलिलिटर हवा भरली असता निरोगी माणसांपैकी शेकडा 6 जणांना दुखले, तर या रुग्णांपैकी शेकडा 55 जणांना. हवा तेवढीच, फुगाही तोच. फरक होता तो आतड्याच्या सोसण्याच्या शक्तीत. हा एक प्रयोग ध्यानी ठेवला तर 'आम्ही सगळे तेच खातो, मग तुलाच काय होते?' या घरोघरच्या प्रश्नाचे उत्तर निराळे शोधावे लागत नाही.

चोथ्याची कीर्ती जगभर पसरवली ती डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकाने. युगांडातील दीर्घ वास्तव्यानंतर त्याने आफ्रिकेतील खेडूत आणि इंग्लंडातील नागरिक यांच्या मलाचे वजन व अन्नाच्या आतड्यातील प्रवासाचा काळ यांची तुलना केली, आणि सत्तरीच्या दशकात कोंड्याचे असे काही माहात्म्य वाढले की पोटाच्या कोणत्याही तक्रारीवर चमचाभर गव्हाचा कोंडा हा हुकमी उपाय मानला जाऊ लागला. आयबीएसच्या रुग्णांनाही तो सर्रास दिला जाई. पुढे 1994 साली मँचेस्टरच्या दोघा संशोधकांनी शंभर रुग्णांनाच सरळ विचारले की, बाबांनो, कोंड्याने तुम्हांला काय झाले? शंभरांतील पंचावन्न जणांनी त्रास वाढल्याची कैफियत दिली, आणि बरे वाटल्याचे सांगणारे निघाले अवघे दहा. ज्या औषधाने निम्म्याहून अधिक रोग्यांची प्रकृती बिघडते ते इतकी वर्षे निर्धास्तपणे चालू राहिले, याचे कारण ते औषध नसून 'आहार' होते, आणि आहाराला दोष देण्याची आपल्याला सवय नाही, हेच असावे.

येथे चोथ्याचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. एक पाण्यात न विरघळणारा, खरखरीत: गव्हाच्या कोंड्याचा, फळांच्या सालींचा, दोडक्याच्या ज्या शिरा काढून आपण खमंग चटणी करतो त्या शिरांचा. दुसरा पाणी धरून बुळबुळीत होणारा, आणि त्याचा मुकुटमणी म्हणजे आपल्या शेजारच्या गुजरातेत आणि राजस्थानात पिकणारा इसबगोल. नेदरलँड्समधील 275 रुग्णांवरील एका प्रयोगात, ज्याचा निकाल 2009 साली प्रसिद्ध झाला, काहींना रोज 10 ग्रॅम इसबगोल, काहींना तितकाच कोंडा आणि काहींना नुसते तांदळाचे पीठ देण्यात आले. इसबगोलाने लाभ झाला, तर कोंडा घेणाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्रास वाढला म्हणून तो मध्येच सोडून दिला. इसबगोलाचे कार्य पाहायचे तर ते पेल्यातच दिसते. चमचाभर पांढरी भुशी पाण्यात घालून ढवळली की प्रथम ती वर तरंगते, मग ओली होऊन खाली बसू लागते, आणि दहा मिनिटांत पेल्यात पाणी उरत नाही, चमचा उभा राहील असा लगदा उरतो. हा लगदा आतड्यात होतो तेव्हा मल मऊ राहतो आणि सरकतो. पण त्यासाठी पाणी आपण पुरवायला हवे, आणि भुशी कोरडीच तोंडात टाकून वर दोन घोट पाणी पिणाऱ्यांनी ती घशात अडकण्याची भीती बाळगावी. प्रारंभ अर्ध्या चमच्याने करून आठवड्या-आठवड्याने मात्रा वाढवणे हेच शहाणपणाचे.

फळांचा मामला याहून गुंतागुंतीचा आहे. फळात चोथा असतो तशीच शर्कराही असते, आणि काही शर्करा अशा आहेत की त्या लहान आतड्यात पुरत्या शोषल्या न जाता मोठ्या आतड्यात उतरतात. तेथे त्या पाणी ओढून घेतात आणि जिवाणू त्यांना आंबवून वायू निर्माण करतात. सुक्या प्रून्सनी पोट साफ होते ते बव्हंशी त्यांतील सॉर्बिटॉल या शर्करासदृश द्रव्यामुळे. परंतु ज्या गुणाने ती मलावरोध हटवतात त्याच गुणाने त्या फुग्याच्या प्रयोगातील आतड्याला ताण देतात. म्हणजे येथे औषध आणि अपथ्य ही दोन्ही एकाच फळात, एकाच द्रव्याच्या रूपाने वसतात, आणि प्रश्न केवळ मात्रेचा व व्यक्तीचा उरतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी 2005 पासून अशा आंबणाऱ्या शर्करांचा खाद्यनिहाय जमाखर्च मांडण्यास आरंभ केला, आणि त्यात आपल्या काही रूढ समजुतींना धक्का बसेल अशा नोंदी आहेत. दवाखान्यात आजाऱ्याला भेटायला जाताना आपण प्रतिष्ठेने जे सफरचंद नेतो, त्यात फ्रुक्टोजही जादा आणि सॉर्बिटॉलही. कलिंगड आणि आंबा हेही याच पंक्तीत बसतात. उलट कोपऱ्यावरच्या हातगाडीवरील पपई, संत्रे, आणि पुरता पिकलेला पेरू हे तुलनेने सौम्य ठरतात. रत्नागिरीच्या हापूसला दोषी ठरवताना माझी लेखणी अडखळते हे खरे. पण एका बैठकीला चार आंबे आणि वर आमरसाची वाटी हा हिशेब निरोगी आतड्यालाही जड जातो, मग या बापड्यांचे काय?

आजकाल किवी या परदेशी फळाचा फार गवगवा आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. न्यूझीलंड, इटली आणि जपान येथे झालेल्या व 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज दोन हिरवी किवी चार आठवडे खाणाऱ्यांना इसबगोलाच्या तोडीचा गुण आला, आणि त्यांत मलावरोधप्रधान आयबीएसचे रुग्णही होते. अभ्यासाचा खर्च किवी विकणाऱ्या कंपनीने सोसला होता ही गोष्ट लक्षात ठेवूनही निष्कर्ष दखल घेण्याजोगा आहे. ज्याला ते फळ परवडते त्याने खुशाल खावे. ज्याला परवडत नाही त्याने पपईची फोड खाताना मन खट्टू करून घेण्याचे कारण नाही.

भाज्यांकडे वळले की आपल्या स्वयंपाकघरातील खरे अडचणीचे कलम म्हणजे कांदा आणि लसूण. यांतील फ्रुक्टान नावाची शर्करामालिका पचवणारे पाचकद्रव्य मनुष्यमात्राच्या शरीरात नाहीच, तेव्हा ती सर्वांच्याच आतड्यात आंबते. निरोगी माणसाला त्याचा पत्ता लागत नाही इतकेच. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घरांतून 'या चार महिन्यांत पोट कसे हलके वाटते' असे उद्गार ऐकू येतात, आणि ते सगळेच पुण्याईच्या खाती जमा करता येतील असे मला वाटत नाही. पूर्वजांना हे रसायन ठाऊक होते असा दावा मी करणार नाही, कारण तसा दावा करणाऱ्यांची संख्या पुरेशी आहे. परंतु काही काळ एखादा पदार्थ पूर्ण थांबवणे आणि नंतर तो थोडाथोडा परत आणून पोटाचा कौल घेणे ही मोनॅशची रीत ज्या समाजाने आषाढात कांदेनवमी करून कांदा सोडला आणि कार्तिकात पुन्हा धरला त्याला परकी वाटू नये. फरक एवढाच की ही परीक्षा दोन ते सहा आठवड्यांची असते आणि तिच्यानंतर जे सोसते ते परत घ्यायचेच असते. पुष्कळ रुग्ण निषिद्ध पदार्थांची यादी हाती पडली की ती जन्माची शिक्षा समजून वरणभातावर दिवस काढतात. त्यांचा चोथा आणखी घटतो आणि मलावरोध वाढतो. लसणाच्या वासावाचून ज्यांना जेवण जात नाही त्यांच्यासाठी एक युक्ती आहे: फ्रुक्टान पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही, तेव्हा लसणाच्या पाकळ्या तेलात परतून, भाजी टाकण्यापूर्वी त्या काढून घेतल्या तर फोडणीला स्वाद राहतो आणि पोटाला त्रास होत नाही. कांद्याऐवजी त्याची हिरवी पात चालते. हिंग तर आहेच, मात्र बाजारी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, एवढे पाहून घ्यावे.

कच्च्या कोशिंबिरीचा आणि वाडगाभर सॅलडचा जो नवा संप्रदाय निघाला आहे, तो या रुग्णांना मानवेलच असे नाही. कोबी आणि फुलकोबी, त्यांत वर भिजवलेले छोले, हे ताट आरोग्याच्या जाहिरातीत शोभते, आयबीएसच्या रुग्णाच्या पुढ्यात नव्हे. दुधी, तांबडा भोपळा, पडवळ, गाजर, पालक यांसारख्या भाज्या मऊ शिजवून, सालीचा आणि शिरांचा लोभ सोडून खाल्ल्या तर बहुतेकांना सोसतात. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे, आणि वालाच्या उसळीऐवजी मुगाच्या डाळीपासून सुरुवात करावी. ब्रिटनच्या शासकीय मार्गदर्शिकेने तर 2008 सालीच आयबीएसच्या रुग्णांनी ताजी फळे दिवसाला 80 ग्रॅमच्या तीन वाट्यांपुरतीच मर्यादित ठेवावीत असे नमूद केले आहे, आणि 'भरपूर' या मोघम शब्दाशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. वायू आणि फुगाऱ्याच्या तक्रारीवर त्याच मार्गदर्शिकेने सुचवलेली एक वस्तू म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त मोठा चमचाभर जवस. विदर्भ-मराठवाड्यात भाकरीबरोबर जवसाची चटणी खाणाऱ्यांना हे वाचून गंमत वाटेल. ती चटणी लसूण वगळून कुटली की काम झाले. एकादशीला मात्र जपावे, कारण साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतोच, आणि दुप्पट खाल्ल्याने तो दुप्पट होत नाही.

एवढा तपशील सांगायला वेळ लागतो, आणि आपल्या बाह्यरुग्ण विभागांत तोच नसतो. पाच मिनिटांत रुग्ण उरकणाऱ्या डॉक्टरला दोष देऊन भागणार नाही. पण जिल्हा रुग्णालयात मधुमेह्याला जसा आहाराचा छापील कागद मिळू शकतो तसा या रुग्णालाही मराठीत, आपल्या भाज्यांच्या नावांनिशी मिळावा, एवढी तजवीज करणे शासनाला अवघड नाही. आणि कागदावर एक ओळ सकाळच्या वेळेविषयीही असावी. चहा-न्याहारीनंतर मोठे आतडे आपोआप हालचाल करते. त्याच वेळी जी बाई डबे भरते, मुलांना शाळेत पोचवते आणि लोकल गाठते, ती ती संवेदना रोज दाबून टाकते, आणि मग तिला संध्याकाळी कोणी पेरू खायला सांगते. पेरूने वेळ मिळत नाही.

शौचात रक्त, विनाकारण घटणारे वजन, पंडुरोग, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला बिघाड, किंवा घरात कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी काही असेल तर आहाराची चर्चा बाजूला ठेवून आधी तपासणी करावी, हे सांगायलाच हवे. आणखी एक वर्ग असा आहे की ज्याचा फारसा बोभाटा होत नाही: विसर्जनाच्या क्षणी जे स्नायू सैल पडायला हवेत तेच काही जणांत आवळले जातात, आणि मल मऊ असूनही बाहेर पडत नाही. कुंथून कुंथून थकलेल्या, पोट साफ झाले नाही असे रोज सांगणाऱ्या या रुग्णांना चोथा वाढवून दिला तर अडलेल्या दारापाशी गर्दी तेवढी वाढते. गुदमार्गातील दाब मोजणारी एक तपासणी मोठ्या शहरांतील रुग्णालयांत होते, आणि स्नायूंना पुन्हा वळण लावणारे बायोफीडबॅक नावाचे शिक्षण हा त्यावरचा मुख्य उपाय आहे. इसबगोल, पपई आणि जवस यांना महिना-दोन महिने इमानाने संधी देऊनही ज्याला यत्किंचितही गुण आला नाही, त्याने फळांच्या यादीत आणखी भर न घालता या तपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे.