कष्ट तरुणांचे, निर्णय कुणाचा?

समाजासाठी झटणाऱ्या जगभरातल्या तरुणांची नावे आपल्या घरातल्या मुलांना आता तोंडपाठ आहेत. मलाला युसुफझाईला २०१४ मध्ये नोबेल मिळाले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. ग्रेटा थुनबर्ग २०१८ च्या ऑगस्टमध्ये स्वीडनच्या संसदेबाहेर जाऊन बसली, तेव्हा पंधराची. बाली बेटावरच्या मेलाती आणि इसाबेल विजसेन या बहिणींनी २०१३ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांविरुद्ध मोहीम उघडली आणि २०१९ मध्ये तिथल्या सरकारने त्या पिशव्यांवर बंदी घातली. या गोष्टी मुलांना सांगताना आपण त्यांच्या धैर्याचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण या चौघींमध्ये आणखी एक साम्य आहे, ते आपण सांगायचे राहून जाते. कोणता प्रश्न हाती घ्यायचा हे त्यांचे त्यांनी ठरवले होते. आपल्याकडे तरुणांच्या अंगमेहनतीला मान आहे, त्यांच्या निर्णयाला मात्र अजून जागा नाही. आपल्या गावांत हे खरे आहे आणि परदेशातल्या आपल्या मंडळांतही.

चंदगड तालुक्याकडे पाहिले की हे नीट दिसते. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा हा तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, आणि बेळगाव आजही त्याला कोल्हापूरपेक्षा कितीतरी जवळ आहे. धो धो पाऊस, भात, नाचणी, काजू, ऊस आणि कामासाठी बाहेर पडणारी पोरे, ही इथली जुनी ओळख. पूर्वी मुंबईच्या गिरण्या होत्या, आता गोवा, बेळगाव, पुणे. जी मुले तालुक्यात शिकतात ती चंदगडच्या र. भा. माडखोलकर महाविद्यालयात किंवा हलकर्णीच्या यशवंतराव चव्हाण महाविद्यालयात जातात. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिचे सात दिवसांचे निवासी शिबिर महाराष्ट्रातल्या ग्रामीण महाविद्यालयांच्या अंगवळणी पडले आहे आणि त्यात वनराई बंधारा ठरलेला. पावसाळा सरून ओढ्याची धार बारीक झाली की सिमेंटची रिकामी पोती वाळू-मातीने भरायची, तोंडे सुतळीने शिवायची, विटांच्या बांधकामात करतात तशी सांधेमोड करून एकावर एक थर लावायचे आणि फटींत चिकणमाती ठोकायची. अडलेले पाणी पुढे काही महिने जनावरांना आणि परसातल्या भाजीला पुरते. पुढच्या पावसाळ्याचा पहिला लोंढा बांध घेऊन जातो, म्हणून तो दरवर्षी नव्याने घालावा लागतो. पण ओढा कोणता, बांध कुठे आणि शिबिर उठल्यावर त्याची देखभाल कोणाकडे, हे बहुतेक वेळा पोरे येण्याआधीच वडीलधाऱ्यांनी ठरवलेले असते. पोरे पोती उचलतात आणि परत जातात. तो बांध आपला आहे असे मग त्यांना का वाटावे?

याच्या उलट अनुभव पुराने दिला. ऑगस्ट २०१९ मध्ये ताम्रपर्णी नदीचे पाणी चंदगड तालुक्यातल्याच कोवाडच्या बाजारपेठेत घुसले. रणजित देसाईंचे गाव म्हणून मराठी वाचकाला ठाऊक असलेले हेच ते कोवाड. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. कोल्हापूर जिल्हाभर त्या दोन्ही वेळी तालमींची आणि तरुण मंडळांची पोरे पाण्यात उतरली. माणसे, जनावरे बाहेर काढणे, जेवणाची सोय, पाणी ओसरल्यावर घराघरांतला चिखल उपसणे, सगळे त्यांनी केले. परवानगी मागायला वेळच नव्हता, म्हणून निर्णय आपोआप त्यांच्याकडे गेला आणि त्यांनी तो निभावला. पूर ओसरला तसा तो अधिकारही ओसरला, याची खंत वाटते.

अनुभव नसलेल्यांच्या हाती कारभार दिला तर पैसा आणि वेळ वाया जाईल, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला शेजारच्याच मुलखातले उत्तर आहे. जुन्या सातारा जिल्ह्यात १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकार चालले. क्रांतिसिंह नाना पाटील तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते, पण जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी हे दोघेही १९२२ साली जन्मलेले, म्हणजे विशी-एकविशीतले. या पोरांनी गावोगाव न्यायनिवाडे केले, गुंडांचा बंदोबस्त केला, दारूला आळा घातला, कमी खर्चात लग्ने लावली. अनुभव त्यांना जबाबदारी घेतल्यावर आला. आजचा दाखला हवा असेल तर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत २००६ साली सुरू केलेला ‘निर्माण’ हा उपक्रम पाहावा. आपल्या आयुष्याचे काय करायचे, कोणत्या सामाजिक प्रश्नाला भिडायचे, याचा शोध तिथे तरुण स्वतः घेतात. त्यातले कित्येक डॉक्टर पुढे दुर्गम भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन राहिले.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. तरुण मंडळ म्हणजे डीजे, फ्लेक्स आणि निवडणुकीला लागणारी गर्दी, असे अनेकांचे मत झाले आहे. ते खोटे नाही. तरीही एकोणीस वर्षांच्या मुलाला खजिनदार करणारी, वर्गणीचा हिशेब चारचौघांत मांडायला लावणारी दुसरी संस्था खेड्यात नाही, म्हणून तिला मोडीत काढणे परवडणारे नाही. मंडळांचा खरा दोष माझ्या मते वेगळा आहे: त्यांत मुली नाहीत. रोज एसटीने कॉलेजला जाणारी मुलगी गावच्या अडचणी कट्ट्यावरच्या पोरांपेक्षा जास्त जाणते, पण तिला बोलायला व्यासपीठ नाही. कायद्याने ते दिलेले आहे. अठराव्या वर्षी ती ग्रामसभेत बसू शकते, एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू शकते. ग्रामसभेच्या ठरावात किती ताकद असते हे कोल्हापूर जिल्ह्यातल्याच शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये दाखवले. पती वारल्यावर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव त्यांनी केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवण्याचे परिपत्रक काढले.

ही कामे सरकारची आहेत, ती पोरांच्या गळ्यात का मारायची, असेही विचारले जाते. या प्रश्नाबद्दल मला आदर आहे. पाणी, रस्ते, दवाखाने ही सरकारचीच जबाबदारी आहे, श्रमदान तिचा पर्याय होऊ शकत नाही. पण ज्याने ओढ्यात उभे राहून बांध घातला, त्याला पाणी कुठे मुरते आणि निधी कुठे अडतो हे दोन्ही कळते. जलसंधारणाच्या पैशाचे काय झाले, हे ग्रामसभेत पुराव्यानिशी विचारणारा माणूस तिथूनच घडेल. अर्थात बांध कुठे घालायचा हे त्याने स्वतः ठरवलेले असले तर.

आता परदेशातल्या आपल्या मंडळाकडे वळू. गिरणगावातल्या गाळ्यांत राहून गावासाठी वर्गणी काढणाऱ्या चाकरमान्यांचीच आपणही पुढची पिढी आहोत, फक्त अंतर वाढले. पैसे पाठवणे मात्र आता तितके सरळ राहिलेले नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची आणि परदेशात नोंदलेल्या मंडळाची देणगी भारतात परकीय निधी ठरते. ती घ्यायला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि गावातल्या तरुण मंडळाकडे ती सहसा नसते. त्यामुळे आपल्याला देता येण्यासारखे ते वेळ आणि ज्ञान: इंग्रजीचा सराव, संगणकाचे धडे, मुलाखतीची तयारी. हे काम आपली इथली मुले उत्तम करू शकतील. सध्या मात्र ती गणेशोत्सवात खुर्च्या लावतात, नाचात भाग घेतात, आणि कार्यकारिणीत त्यांच्यापैकी कोणी नसते. म्हणून वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे घटनादुरुस्तीचा प्रस्ताव ठेवत आहोत: कार्यकारिणीत पंचविशीच्या आतल्या दोघांना मतासह जागा, त्यांतली एक मुलीची, आणि वार्षिक अंदाजपत्रकाचा दहावा हिस्सा त्यांच्या निर्णयाने खर्च व्हावा. कोणत्या गावाशी, कोणत्या कामासाठी जोडून घ्यायचे हे ती मुले ठरवतील. ती चंदगड निवडतील किंवा इथल्याच एखाद्या निर्वासितांच्या शाळेला हात देतील. त्यांनी आपल्या मनातले काम निवडले नाही, तरी ठराव मागे घेतला जाणार नाही, हे सभेत आधीच नोंदवून ठेवावे अशी आमची सूचना आहे.