चाकातून ‘घूंऽऽ’ आवाज येतोय? बेअरिंग घरी तपासा, पण हातोडा नको!

धुळे-सोलापूर महामार्गावर येरमाळ्याजवळ वेग वाढताच चाकातला ‘घूंऽऽ’ आवाजही वाढतो? बेअरिंग झिजले असू शकते. डावीकडच्या वळणावर भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज वाढला, तर बहुधा उजवीकडचे बेअरिंग गेले आहे.

सपाट जागी गाडी जॅकने उचला, स्टँड लावा. चाक वर-खाली धरून हलवा, मग फिरवा. ढिलेपणा किंवा खरखर जाणवली, तर दुरुस्ती लांबवू नका.

एवढी तपासणी घरी जमते. प्रेसने बसणारे बेअरिंग मात्र घरी ठोकू नका. हातोड्याच्या घावाने आतल्या गोळ्यांच्या खाचेत खड्डे पडतात आणि नवे बेअरिंगही लवकर आवाज करू लागते. मजुरी वाचते, बेअरिंग वाया जाते. ते काम प्रेस मशीन असलेल्या गॅरेजलाच द्या.