टूरचा हप्ता बांधून घेण्याआधी...

मंडळी, परदेश टूरच्या जाहिराती हल्ली नीट बघितल्यात का? महिन्याचा हप्ता ठळक अक्षरात आणि एकूण रक्कम खाली मुंगीएवढी. फ्रीज हप्त्याने घेतला तर निदान दहा वर्षं घरात उभा राहतो. दहा दिवसांच्या सहलीचे हप्ते दीड-दोन वर्षं फेडायचे, हे मला काही पटत नाही. हप्ता घेणाऱ्यांना नावं ठेवत नाही मी. त्यांना जी भीती विकली जाते, तिच्याबद्दल बोलतोय. "तुम्हाला एकट्यानं जमणार नाही" ही ती भीती.

जमतं हो. ज्या माणसानं बदली एसटी पकडून चार तालुके पालथे घातलेत, त्याला जमतं. फक्त पहिलाच देश युरोपातला धरू नका. शेंगेन व्हिसाची फी जून 2024 पासून मोठ्या माणसाला 90 युरो आहे, वर केंद्राचा सेवाशुल्क वेगळा, आणि व्हिसा नाकारला तरी फी परत नाही. चौघं मोठे असाल तर 360 युरो नुसते दारावर ठेवायचे.

त्याऐवजी व्हिएतनाम घ्या. ई-व्हिसा 25 डॉलर, घरबसल्या, मुदत 90 दिवसांपर्यंत. मात्र सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. सर्च केल्यावर सगळ्यात वर दिसतात ती बहुतेक दलालांची दुकानं असतात, दुप्पट-तिप्पट घेतात. आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं भरा. आपल्याकडे पासपोर्टात नावासोबत वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ते गाळलं की विमानतळावर तोंडचं पाणी पळतं.

आता खरी मेख तिकिटात आहे. मुंबईहून हनोईला आणि हो ची मिन्ह सिटीला (जुनं सायगॉन) दोन्हीकडे थेट विमानं आहेत. म्हणून जाताना हनोईला उतरा आणि परत येताना सायगॉनहून निघा. देश उभा, लांबुळका. पुन्हा मागे येण्याचा दिवस आणि भाडं दोन्ही वाचतं. मधला प्रवास रेल्वेनं. हनोई ते सायगॉन हा 1726 किलोमीटरचा लोहमार्ग आहे. रात्री हनोईला स्लीपरमध्ये बसलात की सकाळी हुए, म्हणजे एका रात्रीचं हॉटेल वाचलं. हुए ते दा नांग मात्र दिवसाच्या गाडीनं करा, खिडकीखाली समुद्र आणि वर हाय व्हानचा घाट, आपला कोकण रेल्वेचा माणूस खूश होऊन जाईल. दा नांगहून होई आन 30 किलोमीटर, तिथे रेल्वे नाही. शेवटचा दा नांग-सायगॉन टप्पा विमानानं केलेला बरा, पण स्वस्त तिकिटात बहुधा 7 किलोचीच हातातली बॅग धरलेली असते. लाडवांचे डबे घरीच ठेवा.

कधी जायचं हे पैशांइतकंच महत्त्वाचं. आपली सवय दिवाळीच्या सुट्टीची, आणि नेमका ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच हुए, होई आनकडे जोरदार पाऊस आणि पूर असतात. टूरवाले हे सांगत नाहीत, त्यांना दिवाळीची बस भरायची असते. जानेवारीअखेर-फेब्रुवारीत त्यांचं नववर्ष ‘तेत’ येतं, तेव्हा गाड्यांना जागा मिळत नाही आणि दुकानं बंद. मार्च उत्तम. शाळेमुळे मे शिवाय पर्याय नसेल तर ऊन सोसा, पण मध्य भाग कोरडा तरी मिळेल.

"शाकाहाराचं काय?" हा प्रश्न येणारच. तिथे शाकाहारी जेवणाला ‘चाय’ म्हणतात. ही पाटी दिसली की बिनधास्त आत शिरा. बाकी ठिकाणी भाजीतही माशाचा सॉस असू शकतो. हिशेबाला सोपी युक्ती: किमतीतली दोन शून्यं काढा, तीननं भागा, साधारण रुपये येतात. 60 हजार डाँगचा वाडगा म्हणजे 200 रुपये. 20 हजार आणि 5 लाखांची नोट दोन्ही निळसर असतात, तेवढं जपा.

आणि ते शिवरायांचं आणि व्हिएतनामचं फॉरवर्ड, त्याला पुरावा दिलेला मी तरी पाहिलेला नाही. आपला धागा शोधायचाच तर होई आनजवळच्या मी सॉनला जा. चाम राजांची शिवमंदिरं आहेत. 2020 मध्ये आपल्याच पुरातत्त्व खात्याच्या लोकांना तिथे काम करताना नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग मिळालं. धावत्या टूरमध्ये हे गाळलं जातं हे विशेष.

पॅकेज घेतलं की त्यावर टीसीएस कापला जातो, हेही लक्षात ठेवा. रिटर्न भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. नुसतं विमानतिकीट स्वतः काढलं तर तो प्रश्न येत नाही.

गुडघे धरलेत, सोबतीला कोणी नाही, मोबाईलवर फॉर्म भरता येत नाही, अशांनी ग्रुप टूरच घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण त्यांतल्या कित्येकांची अडचण फॉर्मचीच असते, आणि ती सुटण्यासारखी आहे. आपल्या गावातल्या वाचनालयांनी महिन्यातून एक संध्याकाळ ठेवावी. जाऊन आलेल्यांनी लॅपटॉप घेऊन बसावं, नव्यांचा फॉर्म भरून द्यावा, कुठली गाडी पकडायची ते मराठीत सांगावं. खर्च चहाचा. आपलं वाचनालय तयार असेल तर कमेंटमध्ये नाव टाका, पहिल्या संध्याकाळी मी येतो.