नवे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवताना एखादी वस्तू हमखास मागे राहते. टेम्पो निघून जातो, नव्या घरी दूध उतू घालून होते, आणि रात्री अंथरुणे पसरताना कुणाच्या तरी लक्षात येते की, आजीचा पानाचा डबा जुन्या घराच्या फडताळातच राहिला. मग त्या डब्याची आठवण पुढची वीस वर्षे निघते. बरोबर आलेल्या पन्नास डब्यांची कुणी चौकशीही करत नाही.

यंदा दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे जे बिऱ्हाड हलले त्याला टेम्पो लागला नाही की हमाल लागला नाही. जुन्या घराचे नाव डेस्कटॉप, नव्या घराचे नाव लॅपटॉप, आणि सामान म्हणजे सतरा वर्षांच्या फाइली. तरीसुद्धा पानाचा डबा मागे राहायचा तो राहिलाच.

हा डेस्कटॉप आम्ही २००८ साली घेतला. त्यात विंडोज एक्सपी होते. त्या एक्सपीची देखभाल कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली, पण आमच्या घरात ती बातमी कुणी त्याला सांगितली नसावी, कारण तो बिचारा पुढेही चालत राहिला. चालत राहिला म्हणजे काय, तर सकाळी बटण दाबून अंघोळ उरकून यावे, तोवर पडदा उजळलेला असे. शेवटी सौ.नी दिवाळीच्या साफसफाईचा मुहूर्त धरला.

"अहो, हे धूड घरातून हलवा. त्याच्यामागे दहा वर्षांचं जाळं आहे."

ही सूचना नसून हुकूम असतो, हे विवाहित वाचकांना सांगायला नको. लॅपटॉप आला. आमचे चिरंजीव बारावीत आहेत. ते म्हणाले, "बाबा, मी दहा मिनिटांत करून देतो." मी म्हटले, राहू दे. महाविद्यालयात वीस वर्षे शिकवलेल्या माणसाला चार फाइली इकडून तिकडे नेता येऊ नयेत? मी पेनड्राइव्ह लावला, पडद्यावरची झाडून सारी चित्रे उचलली आणि त्यात टाकली. सारे सामान दोन सेकंदांत गेले! चिरंजीवांना दहा मिनिटे लागणार होती. मी विजयी मुद्रेने चहा मागवला.

लॅपटॉपवर एकही फाइल उघडेना. चिरंजीवांनी मान वाकडी करून पाहिले आणि प्रत्येक चित्राच्या डाव्या कोपऱ्यातला इवलासा बाण मला दाखवला.

"बाबा, हे शॉर्टकट आहेत. तुम्ही घर हलवलं नाही, घराच्या पाट्या काढून आणल्या."

शॉर्टकट म्हणजे फाइल कुठे राहते त्याचा नुसता पत्ता. वजन एखाद-दोन केबी. मुक्काम बदलल्यावर तो पत्ता अर्थातच खोटा ठरतो. दोन सेकंदांचे रहस्य हे असे होते.

मग रीतसर कामाला लागलो. जुना पेनड्राइव्ह चार जीबीचा आणि सामान चाळीस जीबीच्या घरातले, म्हणजे हौदातले पाणी कळशीने उपसायचे. म्हणून चौसष्ट जीबीचा नवा पेनड्राइव्ह आणला, तर जुन्या यंत्राने त्याला ओळखच दाखवली नाही. 'ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का?' असे ते विचारू लागले. नव्या पेनड्राइव्हमधली मांडणी एक्सफॅट नावाच्या पद्धतीची होती, आणि ती पद्धत आमच्या एक्सपीला मुळात ठाऊक नव्हती. केबल जोडून काम उरकावे म्हटले, तर नवा लॅपटॉप इतका सडपातळ की, त्याला त्या केबलचे भोकच नाही. सडपातळपणाची किंमत कुठे ना कुठे मोजावी लागते, हे मी सौ.ना सांगणार होतो, सांगितले नाही.

अखेर कोपऱ्यावरचा संगणक दुरुस्त करणारा मुलगा आला. त्याने पेटीचे चार स्क्रू काढले, आतली हार्डडिस्क बाहेर घेतली, एका डबीत घातली आणि डबीची वायर लॅपटॉपला लावली. एवढेच! चोवीस तास मी कळशी घेऊन धावत होतो आणि त्याने हौदच उचलून आणला. मी फोटो, माझी टिपणे, प्रश्नपत्रिका आणि 'अण्णा' या नावाचा फोल्डर एवढे निवडून घेतले. पडद्यावर आधी 'तेरा मिनिटे बाकी' असे आले, मग 'दोन तास', मग 'चार मिनिटे'. एसटीच्या चौकशीच्या खिडकीनंतर इतके मनमोकळे उत्तर मला कुठे मिळाले नव्हते. रविवारी भंगारवाला आला, रिकामी पेटी आणि मॉनिटर घेऊन अडीचशे रुपये देऊन गेला.

आता अण्णांच्या फोल्डरविषयी सांगितले पाहिजे.

अण्णा म्हणजे माझे वडील. १९६४ साली ते रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर म्हणून लागले. चालत्या गाडीच्या डब्यात रात्रभर उभे राहायचे आणि पत्रे गावोगावच्या खणांत टाकत जायची. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. त्याआधी सारा हिशेब डोक्यात. कुठले खेडे कुठल्या पोस्टाखाली आणि ते पोस्ट कुठल्या स्टेशनाला उतरते, हे त्यांना पाठ असे. निवृत्तीनंतर वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी ते या डेस्कटॉपसमोर बसले आणि आठवणी लिहू लागले. तरुणपणी त्यांनी मराठी टंकलेखनाची परीक्षा दिली होती, तेव्हा बोटांना तोच कळफलक हवा होता. दुकानदाराने तो पुरवणारा एक फॉन्ट घालून दिला. लिहिलेल्या मजकुरासाठी अण्णांनी खण केले, आणि खणांना स्टेशनांची नावे दिली: कल्याण, इगतपुरी, नाशिकरोड, मनमाड, आणि असे थेट भुसावळपर्यंत.

अधूनमधून ते मला म्हणत, "एकदा शुद्धलेखन बघून दे रे. तू मराठीचा प्रोफेसर."

मी म्हणे, "सहामाहीचे पेपर संपू देत, अण्णा." सहामाहीनंतर वार्षिक परीक्षा येई, वार्षिकानंतर प्रवेशांची गडबड, आणि पुन्हा सहामाही. २०१३ साली अण्णा गेले. त्यानंतर तो फोल्डर मी उघडलाच नाही. का उघडला नाही ते तुम्हीच ओळखा.

भंगारवाला गेला त्या रविवारी रात्री मी लॅपटॉपवर 'मनमाड' उघडले. पडद्यावर अण्णा नव्हतेच. इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे, मध्येच डॉलर. कुणी मूठभर खिळे ओतावेत तसे पानभर पसरलेले. इगतपुरी उघडले, तेच. भुसावळ उघडले, तेच. वरच्या चौकटीत मात्र त्या जुन्या फॉन्टचे नाव नीट लिहिलेले होते. बंद घराच्या दारावर पाटी तेवढी असावी तसे.

त्याचा उलगडा मला दुसऱ्या दिवशी झाला, पण तो इथेच सांगतो, कारण जुन्या संगणकावर मराठी लिहून ठेवलेली घरे पुष्कळ असतील. संगणकाला अक्षर दिसत नाही; त्याला प्रत्येक अक्षराचा क्रमांक तेवढा कळतो. त्या काळच्या फॉन्टांत मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक नसत. ती इंग्रजी अक्षरांच्या खोल्यांत पोटभाडेकरू म्हणून राहत. अण्णांनी 'क' उमटवला तरी फाइलीत नोंद व्हायची ती इंग्रजी 'डी'ची, आणि तो फॉन्ट 'डी'च्या जागी 'क'चे चित्र काढून दाखवायचा. फॉन्ट नाहीसा झाला की पोटभाडेकरू गडप, आणि मूळ मालक दारात उभा. युनिकोडने ही सोय बदलली. त्यात देवनागरीला १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून स्वतःची एकशे अठ्ठावीस घरे आहेत. 'अ'चा क्रमांक २३०९, 'क'चा २३२५, जगातल्या कुठल्याही यंत्रावर तोच. अक्षरांना पिनकोड मिळाला म्हणा ना. युनिकोडची सोय आमच्या एक्सपीतही होती, पण ती वेगळी सुरू करून घ्यावी लागे. दुकानदाराने ती केली नाही, आणि मलाही त्या वेळी ते ठाऊक नव्हते.

माझ्या आजोबांचे काही कागद ट्रंकेत आहेत, ते मोडीत. मला मोडी येत नाही. मराठीचा एम.ए. असून येत नाही, हे आता सांगूनच टाकतो. त्या रात्री मनात आले, आजोबांचे मोडीत, वडिलांचे फॉन्टात; आणि मी साहित्याचा इतिहास शिकवतो.

सकाळी त्या मुलाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, फॉन्टपण एक फाइलच असते. जुन्या डिस्कवर विंडोजमध्ये फॉन्ट्‌स नावाचा फोल्डर आहे, त्यात असणार. डिस्क आहे ना?"

डिस्क! ती मी टेबलाच्या खणात टाकली होती आणि तो खण दोन दिवसांपूर्वी साफ झाला होता. सौ. फराळाच्या चकल्या पाडत होत्या. मी विचारले, "अगं, त्या खणातली ती काळी चपटी डबी?"

"रद्दीबरोबर गेली असेल," सौ. म्हणाल्या, आणि माझा चेहरा पाहून सोऱ्या खाली ठेवून उठल्या. आम्ही तिघांनी घर उलथेपालथे केले. नुकतीच आवरलेली कपाटे पुन्हा विस्कटली आणि सौ. त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्यावरून प्रसंगाचे गांभीर्य वाचकांच्या ध्यानात यावे. डबी शेवटी माळ्यावर आकाशकंदिलाच्या वायरींच्या पिशवीत सापडली. तिला लोंबणारी वायर होती म्हणून ती सौ.नी वायरींत ठेवली होती. वर्गीकरणाची ही पद्धत अण्णांनी खचित मान्य केली असती.

चिरंजीवांनी फॉन्टची फाइल शोधली, लॅपटॉपवर आणली, तिच्यावर उजवी कळ दाबून 'इन्स्टॉल' म्हटले. 'मनमाड' पुन्हा उघडले, आणि त्या खिळ्यांच्या जागी अण्णांचे अक्षर उभे राहिले. अक्षर म्हणजे छापीलच, तरी अण्णांचे.

फॉन्टाने वाचता आले, पण हे असे किती दिवस चालायचे? म्हणून मजकूर युनिकोडात नेण्याचे ठरवले. त्यासाठी परिवर्तक मिळतात. चिरंजीवांनी एक पान त्यातून काढले. बहुतेक ठीक आले, पण ऱ्हस्व वेलांट्या काही ठिकाणी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या, कारण टंकलेखनात ती वेलांटी अक्षराच्या आधी उमटते आणि युनिकोडात नंतर नोंदली जाते. रफारांचे नेमके उलट. मध्ये कुठे अण्णांनी इंग्रजी शब्द घातला होता, त्याचे अगम्य मराठी झाले. आणि अनुस्वार जागोजागी गळाले.

अनुस्वारांचे मला विशेष वाटले. शुद्धलेखनाचे नवे नियम आले १९६२ साली. अण्णांचे शिक्षण त्याआधीचे. ते 'घरांत', 'गाडींत', 'कां', 'तें' असेच लिहीत आले. त्या वेळी मी हे बाड तपासायला घेतले असते, तर त्या साऱ्या टिंबांवर लाल रेघ मारली असती.

परिवर्तक बाजूला ठेवला आणि मीच टंकायला बसलो. डावीकडे अण्णांचे पान, उजवीकडे माझे. रोज दोन पाने होतात. टिंबे आहेत तशी ठेवतो. जुनी डिस्क आता कपाटात कुलपात आहे आणि फॉन्टच्या तीन प्रती तीन ठिकाणी आहेत. तुमच्या घरी असे काही असेल, तर जुने यंत्र दाराबाहेर काढण्याआधी नव्यावर प्रत्येक फाइल उघडून पाहा, आणि डिस्क भंगारात देऊ नका. पुसून टाकलेले पुष्कळसे त्यातून परत काढता येते, आणि ते काढणारा आपणच असू असे नाही.

परवा मनमाड आले. माझ्या जन्माची बातमी अण्णांना मनमाडला कळली होती, हे मला ठाऊक नव्हते. समोरून आलेल्या गाडीतल्या सॉर्टरने फलाटाच्या पलीकडून ओरडून सांगितले. त्या रात्री चाळीसगावची पत्रे जळगावच्या खणांत पडली, असे त्यांनी लिहिले आहे. सबंध नोकरीतली अशी चूक तेवढीच. मी ते मोठ्याने वाचले. सौ. ऐकत होत्या. चिरंजीव कानांतली बोंडे काढून म्हणाले, "पुढे काय?"

पुढे अजून नांदगाव, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ आहेत. सहामाहीचे पेपर तपासायला आले आहेत. गठ्ठे दाराशीच पडले आहेत, अजून सोडलेले नाहीत.