जुगाड कुठे थांबवायचा?

बुलेटचा सायलेन्सर बदलणारे आपल्या हॉस्टेलमध्येही सापडतील. अमेरिकेत काहीजण सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनचा ट्रिगर असाच बदलतात. सुटे पार्ट आणायचे, घरीच बसवायचे, चाप हलका करायचा. माझ्या मते हे इंजिनिअरिंग नव्हे!

ताणलेला हॅमर सीअर नावाच्या छोट्याशा तुकड्यावर अडलेला असतो. ती पकड कमी पडली, तर नुसत्या धक्क्यानेही बार उडू शकतो. त्यात सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पुढचे काडतूस आपोआप भरले जाते. २०१४ मध्ये रेमिंग्टन कंपनीलाही मॉडेल ७०० रायफली परत मागवाव्या लागल्या. कारण काय, तर ट्रिगर जोडताना चिकटद्रव्य जास्त लागले होते! मग घरी कानस घेऊन बसणाऱ्याची काय कथा?

नागझिऱ्याच्या कडेला रानडुकरे धान तुडवतात. पीकरक्षणासाठी बंदुकीच्या लायसन्सची सोय १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे. पण बंदूक दुरुस्त करायलाही वेगळे लायसन्स लागते. काहींना ही कटकट वाटते, मला ती योग्य वाटते. उद्या साकोलीत कोणी म्हणाले, "तू इंजिनिअर ना, जरा चाप बघ," तर सरळ नाही म्हणा. सायलेन्सर चुकला तर आवाज होतो, चाप चुकला तर माणूस जातो.