टर्मिनल झाले, पण जहाज थांबणार कुठे?

बॅलार्ड पिअरवरच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे भूमिपूजन जानेवारी 2018 मध्ये झाले आणि उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये. 556 कोटींचा खर्च, चार लाखांहून अधिक चौरस फूट जागा, चेक-इन आणि इमिग्रेशनचे 72 काउंटर, वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता. आता ‘पुढे काय?’ असे विचारले की आपल्या पर्यटन व्यवसायातले पुष्कळ जण विस्तार, मॉल, हॉटेल अशी यादी वाचू लागतात. आमचे मत वेगळे आहे. हा खर्च योग्यच होता. मात्र पुढचा रुपया या इमारतीत घालू नये.

योग्य कसा, ते आधी. ज्यांनी जुन्या धक्क्यावर पाहुणे उतरवून घेतले आहेत त्यांना फार सांगायला नको. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी पाच मीटरच्या आसपास चढते-उतरते. सकाळी सरळ असलेली जहाजाची शिडी दुपारपर्यंत तिरकी होते आणि गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या बाई तिच्या तोंडाशी येऊन थबकतात. मागे दीडशे माणसांची रांग, समोर ऊन, खाली ‘14’ची पाटी उंच धरून उभा असलेला आपला गाइड. त्याच्या बसमध्ये बत्तीस जण बसले आहेत आणि सहा अजून रांगेत आहेत. अशा वेळी गेलेली पंधरा मिनिटे थेट राणीच्या बागेतून किंवा मणिभवनातून कापली जातात, कारण जहाज कुणासाठी थांबत नाही. सावली, पुरेसे काउंटर, सामानाची वेगळी वाट या चैनीच्या गोष्टी नव्हेत, त्यावर आपला दिवस उभा असतो.

पण चांगली इमारत जहाजाला सोय देते, यायचे कारण देत नाही. त्यातही जहाज येते कशासाठी, यावर सगळा हिशेब फिरतो. सकाळी येऊन संध्याकाळी निघणाऱ्या जहाजाचा प्रवासी न्याहारी करून उतरतो आणि जेवायला परत जातो. सहलही त्याने बहुधा क्रूझ कंपनीकडूनच घेतलेली असते. आपल्या वाट्याला बस, गाइड, एखादे दुपारचे जेवण आणि थोडी खरेदी. सफर मुंबईतूनच सुरू होत असेल तर चित्र पालटते. नाशिक, इंदूर, नागपूरची कुटुंबे आदल्या दिवशी येऊन खोल्या घेतात, परतल्यावर एक दिवस शहरात काढतात. भाजी, दूध, मासळी, दुरुस्ती, खलाशांची अदलाबदल हे सारे इथेच होते. मुंबईने होमपोर्ट, म्हणजे सफरी जिथून सुरू होतात ते बंदर, व्हावे हा आग्रह त्यामुळे बरोबरच आहे.

अडचण अशी की होमपोर्ट ही पदवी कायमची मिळत नाही. 2005 मध्ये सुपरस्टार लिब्रा हे क्रूझ जहाज आले आणि गेले. 2016 च्या डिसेंबरात कोस्टा कंपनीने मुंबईहून मालदीवच्या सफरी सुरू केल्या, पुढे त्याही थांबल्या. 2018 मध्ये आंग्रिया जहाजाने गोव्याची फेरी धरली, तीही आज नाही. 2021 पासून कॉर्डेलिया कंपनीने नेटाने बाजार उभा केला; पण पाऊस जवळ आला की तिचे जहाज चेन्नईकडे वळते. प्रत्येकाची कारणे वेगळी होती, महासाथ त्यातले एक. तरीही जहाज हलवता येते, 556 कोटींची इमारत हलवता येत नाही.

मग जहाज टिकते कशावर? मार्गावर. मुंबईहून निघालेले जहाज गोवा, कोची, लक्षद्वीप याच बिंदूंभोवती फिरते. दुसऱ्यांदा येणाऱ्या प्रवाशाला नवे काय दाखवायचे? आणि आपला सबंध कोकण किनारा रात्रीच्या अंधारात डावीकडून निघून जातो. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यातल्या बारा किल्ल्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्ले याच वाटेवर आहेत. जगातले कुठलेही बंदर अशा माळेसाठी जीव टाकेल. आपण तिच्या बाजूने बुफे मांडून जातो!

तिथे मोठे धक्के बांधा असे कुणी म्हणत नाही, आणि बांधूही नयेत. जहाज खोल पाण्यात नांगर टाकेल, प्रवासी लहान बोटींनी येतील. जगभर अशी बंदरे चालतात. त्यासाठी हवी भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारी तरंगती जेट्टी, लाटा अडवणारा आडोसा, स्वच्छतागृहे, आणि सिंधुदुर्गावर एका वेळी किती माणसे सोडायची याचा आधीच ठरलेला आकडा. हा आकडा महत्त्वाचा. इटलीने 2021 मध्ये मोठी जहाजे व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून हटवली, बार्सिलोनाने 2025 मध्ये टर्मिनल सातांवरून पाचांवर आणायचे ठरवले. मालवणात दोन हजार माणसे एकदम उतरवून तीच चूक करायची गरज नाही. दोनशे-तीनशे प्रवाशांची जहाजे या किनाऱ्याला शोभतील.

दुसरा खर्च विजेचा. धक्क्याला लागलेले जहाज वातानुकूलन, भटारखाना, दिवे यांसाठी आपली जनरेटर यंत्रे चालूच ठेवते. मोठ्या जहाजाला दहा मेगावॉटपर्यंत वीज लागू शकते. तो धूर बॅलार्ड इस्टेटच्या खिडक्यांतून आत येतो. युरोपीय महासंघाने मोठ्या बंदरांत 2030 पासून प्रवासी जहाजांना किनाऱ्याची वीज घेणे बंधनकारक केले आहे. या टर्मिनलवर पाच जहाजे एका वेळी उभी करायची असतील तर मॉलच्या आधी केबल टाका.

थोडे आपल्याकडेही. क्रूझची वेळापत्रके वर्ष-दीड वर्ष आधी जाहीर होतात, तरी सोमवारी येणाऱ्या जहाजाला आपल्यातलेच कुणीतरी घारापुरी विकते आणि लेणी सोमवारी बंद असतात. बसचे गोदीप्रवेशाचे पास आदल्या रात्री पळापळ करून काढले जातात. मेट्रो 3 आता विमानतळापासून सीएसएमटीपर्यंत येते, तिथून धक्का फार तर दोन किलोमीटर. या टप्प्यासाठी सामानासह चालणारी मिनीबस बेस्टने सोडावी की आपण भागीदारीत, हे पुढच्या हंगामाच्या आत ठरायला हवे. मार्गांची मागणीही आपणच लेखी मांडली पाहिजे. कोणत्या किल्ल्यावर किती प्रवासी, कोणत्या महिन्यात, किती तासांसाठी आणि आपल्यापैकी कोण हमी घेणार, एवढे आकडे घेऊन राज्याच्या सागरी मंडळाकडे गेलो, तर जेट्टीच्या प्रस्तावाला हिशेबाचा आधार मिळेल.