सामायिक कागदाची किल्ली कोणाकडे?

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत वर्षभराचा हिशेब कुठे आहे असा प्रश्न निघाला. हिशेब होता. महिनावार, नीट मांडलेला, पावत्यांच्या फोटोंसकट होता. पण तो ज्या गूगल खात्यात ठेवलेला होता ते खाते एका कार्यकर्तीच्या वैयक्तिक नावावर होते. ती नोकरीसाठी परगावी गेली, फोनचा नंबर बदलला, आणि आता पासवर्ड विचारला की ओटीपी जुन्या नंबरवर जातो. चूक तिची नव्हती. खाते उघड म्हणून तिला आम्हीच सांगितले होते. तीन आठवडे खटपट केल्यावर खाते उघडले. तोपर्यंत जुन्या रजिस्टरची आणि लोखंडी कपाटाची फार आठवण झाली. त्या कपाटाची दुसरी किल्ली ऑफिसशेजारच्या मावशींकडे असायची.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत आपण सगळ्याच जणी या साधनांकडे ढकलल्या गेलो. रेशनच्या याद्या, गावी अडकलेल्या मोलकरणींचे फोन नंबर, समुपदेशनाच्या पाळ्या, शासनाला द्यायची निवेदने हे सगळे एका रात्रीत सामायिक फाइलींवर गेले. तेव्हा विचार करायला फुरसत नव्हती. ती फुरसत त्यानंतरही आपण काढलेली नाही.

एकत्र लिहिणे ही गोष्ट चळवळीला इंटरनेटने शिकवली असे मात्र नाही. मथुरा प्रकरणाच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांना लिहिलेले १६ सप्टेंबर १९७९ चे खुले पत्र चौघांच्या सह्यांचे होते : उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार. तिघे दिल्लीचे, एक पुण्याच्या. ते पत्र हातोहात फिरले, १९८० मध्ये शहराशहरांत बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. आपल्या संघटनांमध्येही निवेदनाचा मसुदा एकीने लिहायचा, दुसरीने समासात शेरे मारायचे आणि तिसरीने स्टेन्सिल कापायची अशीच रीत होती. ‘अबला’ शब्द खोडायचा की ठेवायचा यावर रात्री दहापर्यंत वाद व्हायचे. खोडलेला शब्द कागदावर दिसत राहायचा, आणि कोणी खोडला तेही अक्षरावरून कळायचे.

आता काय होते? दहा जणींना फाइल पाठवली जाते. त्यातल्या तिघी ती उघडतात. दोघी वाचून ‘छान’ म्हणतात. आणि जिच्याकडे लॅपटॉप आहे, रात्री बारानंतर जिला घरात शांतता मिळते, जिचे वाय-फाय चालू आहे, ती शेवटचा हात फिरवते. सकाळी मसुदा गुळगुळीत झालेला असतो. वाद झालाच नाही असे वाटते, कारण तो दिसतच नाही. आवृत्त्यांचा इतिहास फाइलीत असतो, पण तो उघडून बघायची तसदी कोण घेते? सगळ्यांना लिहायची मुभा आहे म्हणजे सगळ्यांनी लिहिले, असा समज करून घेण्यात एक सोयीस्कर लोकशाही आहे. ती आपण पुरुषांच्या संघटनांमध्ये पुरेशी पाहिली आहे.

भाषेचा प्रश्न बराच सुटला, हे कबूल करायला हवे. याच पुण्यात सी-डॅकने आणि श्रीलिपीवाल्यांनी मराठी संगणकावर आणली, त्याचे ऋण आहेच. पण त्या काळी एकीच्या संगणकावरचा लेख दुसरीच्या संगणकावर उघडला की फॉन्ट नसल्यामुळे चिन्हांची भेळ दिसायची. मजकूर फ्लॉपीवर आणि फॉन्ट दुसऱ्या फ्लॉपीवर घेऊन आपण रिक्षाने फिरलो आहोत. युनिकोडमुळे ते संपले. आता तर फोनला मराठीत बोलून लिहिता येते. अक्षरओळख नसलेली धुण्याभांड्याची कामे करणारी बाई आपले म्हणणे आपल्या बोलीत, आपल्या तोंडाने फाइलीत उतरवू शकते. मला ही या साधनांची सर्वांत मोठी शक्यता वाटते, आणि तिचाच उपयोग आपण सर्वांत कमी केला आहे. आपण अजून तिचे म्हणणे ऐकून ‘शुद्ध’ करून लिहितो.

अर्थात त्यासाठी हातात फोन हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशात इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बायका होत्या ३३.३ टक्के आणि पुरुष ५७.१ टक्के. स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायका ५३.९ टक्के. नंतर आकडे वाढले असतील, पण वस्तीतला फोन अजूनही पुष्कळदा मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो. ‘लिंक ग्रुपवर टाकली आहे’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! ती लिंक आधी नवरा उघडतो.

‘सामायिक’ या शब्दाचे दुसरे रूप अंगणवाडी सेविकांनी आपल्याला दाखवले आहे. पोषण ट्रॅकर हे ॲप २०२१ मध्ये आले. काम सगळ्या सेविकांचे, नोंदी सगळ्यांच्या, पण नोंद एकाच दिशेने जायची : वर. ॲप इंग्रजीत, सरकारने दिलेले फोन जुने आणि सतत अडकणारे. त्या वर्षी महाराष्ट्रभरच्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. त्यांनी यंत्राला विरोध केला असे काही वृत्तपत्रांतून सुचवले गेले. प्रत्यक्षात मागणी होती चांगल्या फोनची आणि मराठीची. माहिती भरणारीला माहिती वापरता येत नसेल तर ती सहकारी नव्हे, वेठीची कामगार. ही कसोटी आपल्या गटातल्या एक्सेल शीटलाही लावून पाहा. वस्तीतल्या कार्यकर्त्या दर आठवड्याला आकडे भरतात. देणगीदार संस्थेला अहवाल जातो. त्या आकड्यांवर वस्तीत बसून चर्चा कधी झाली होती?

आता धोक्याचे. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाला पाठिंबा देणारी एक सामायिक गूगल फाइल गाजली, तिला ‘टूलकिट’ म्हणत. ती संपादित केली या आरोपावरून दिल्ली पोलिसांनी बंगळुरूहून दिशा रवी या बावीस वर्षांच्या मुलीला १३ फेब्रुवारीला अटक केली. मुंबईच्या वकील निकिता जेकब आणि बीडचे शंतनू मुळूक यांना अटकेपासून संरक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. २३ फेब्रुवारीला दिशाला जामीन मिळाला. निरुपद्रवी टूलकिटचे संपादक असणे हा गुन्हा नाही असे न्यायाधीशांनी म्हटले. न्याय मिळाला, पण दहा दिवस कोठडीत गेल्यावर. जो आवृत्त्यांचा इतिहास गटात कोणी उघडत नाही, तो तपास यंत्रणा मात्र काळजीपूर्वक वाचते, हे यातून ध्यानात घ्यायचे. म्हणून निवेदने लिहिणे थांबवायचे असे मी म्हणत नाही. निवेदन उजळ माथ्याने लिहायचे, नावे घालून लिहायचे. पण कोणाचे नाव कुठे नोंदले जाते आहे हे त्या प्रत्येकीला आधी माहीत असले पाहिजे.

आणि पीडित स्त्रियांच्या नोंदी? इथे मी ताठर आहे. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या २०१३ च्या कायद्याचे कलम १६ तक्रारीचा तपशील आणि तक्रारदाराची ओळख प्रसिद्ध करायला मनाई करते. आपल्याला कायद्याची भीती घालावी लागू नये खरे तर. तरीही ‘लिंक असणाऱ्या कोणालाही’ उघडता येईल अशा फाइलीत बायकांची नावे, पत्ते, सासरचे फोन नंबर मी पाहिले आहेत, आमच्याकडेच पाहिले आहेत. सोय म्हणून कोणीतरी ती मुभा दिली आणि काढायची राहिली. केंद्रात येणारी बाई आपल्यावर विश्वास टाकते तो समोर बसलेल्या एकीवर. ती लिंक पुढे कुठे कुठे जाईल हे तिला कोणी विचारलेले नसते. अशा नोंदी कागदी वहीत, कुलपात, क्रमांकाने ठेवाव्यात. संगणकावर ठेवायच्याच असतील तर नाव आणि क्रमांक यांची सांगड घालणारी यादी वेगळी, कागदावर.

क्रिप्टपॅडसारखी मुक्त साधनेही आहेत. त्यात मजकूर असा कुलूपबंद होतो की चालवणाऱ्यालाही वाचता येत नाही. पण पासवर्ड हरवला तर तोही शोधून देऊ शकत नाही, आणि आपली पासवर्ड हरवण्याची ख्याती पाहता हे आधीच सांगितलेले बरे. गूगल फुकट आहे, पण दोन वर्षे न वापरलेले खाते ते पुसूनही टाकू शकते. साधन कोणतेही घ्या, खाते संस्थेच्या नावावर आणि पासवर्ड तिघींकडे असावा, त्यातली एक तरी वस्तीतली. निवेदनाचा मसुदा अंतिम करण्याआधी एकदा मोठ्याने वाचला जावा, फोन नसलेल्या बायका बसलेल्या असताना.

आणखी एक. फाइली नीट लावणे, नावे देणे, जुन्या मिटवणे, ‘अगं तुला दिसत नाही का, थांब मी परत पाठवते’ असे दहा जणींना सांगणे हे सगळे आमच्याकडे दोन तरुण मुली करतात. अहवालात त्यांचे नाव ‘तांत्रिक साहाय्य’ खाली येते. घरातल्या न दिसणाऱ्या कामावर आपण इतकी वर्षे भाषणे केली, त्याच आपण हे करतो आहोत. पुढच्या बैठकीत हे काम पाळीने करायचे असा ठराव मी मांडणार आहे. पहिली पाळी माझी. मला अजून फाइलीचा फोल्डर बदलता येत नाही, तेव्हा त्या दोघींपैकी एकीला शनिवारी दुपारी शिकवायला बोलावले आहे.